व्हिपचा आडोसा

गेवराईत तहसीलच्या आवारात किंवा जिनिंगच्या फाटकाशी राजकारणाचा विषय निघाला की एक मत हमखास ऐकू येते. ते मांडणारी माणसे अडाणी नसतात. शिक्षक असतात, वकील असतात, चार निवडणुका जवळून पाहिलेले कार्यकर्ते असतात. म्हणूनच त्याची दखल घ्यायला हवी. मत असे : आपल्या खासदाराने लोकसभेत कोणत्या विधेयकावर काय मत दिले, काय विचारले, समितीत काय केले, याची नोंद ठेवणे हा रिकाम्या शहरी माणसांचा उद्योग आहे. आपण एवढेच पाहावे, की माणूस फोन उचलतो का, सुखदुःखाला येतो का, जळालेली डीपी बदलून देतो का.

हे मत त्याच्या सर्वांत बळकट रूपात मांडणे माझे कर्तव्य आहे. त्याच्यामागे तीन आधार आहेत. पहिला कायद्याचा : पक्षांतरबंदी कायद्यामुळे खासदाराचे मत त्याचे राहिलेले नाही, बटण तो दाबतो पण बोट पक्षाचे असते. दुसरा व्यवहाराचा : बहुतेक विधेयके आवाजी मतदानाने मंजूर होतात, कोण ‘हो’ म्हणाले आणि कोण ‘नाही’ याचा कागदच नसतो. मग नोंद कशाची ठेवणार? तिसरा गरजेचा : बीडसारख्या जिल्ह्यातल्या माणसाला पीकविम्याचे पैसे, रुग्णालयाला चिठ्ठी, पोलीस ठाण्यात एक शब्द हवा असतो. दिल्लीतले भाषण त्याच्या काय कामाचे?

तिन्ही आधारांत तथ्य आहे. तरीही त्यांवर उभा केलेला निष्कर्ष चुकीचा आहे. कसा, ते पाहू. निवाडा वाचकांनी करावा.

कायद्यापासून सुरुवात करतो. १९८५ मध्ये ५२व्या घटनादुरुस्तीने दहावे परिशिष्ट आले. पक्षादेशाविरुद्ध, म्हणजे व्हिपविरुद्ध, मत दिले किंवा मतदानाला गैरहजर राहिले, आणि पक्षाने पंधरा दिवसांत ते माफ केले नाही, तर सदस्यत्व जाऊ शकते. २००३ च्या ९१व्या दुरुस्तीने एक-तृतीयांश फुटीची पळवाटही बंद झाली. इथवर हे मत मांडणाऱ्यांशी माझा वाद नाही. पण यातून निघते काय? खासदाराचे मत पक्षाचे असते म्हणून ते पाहू नये, की पक्षाचे म्हणून पाहावे? जो उमेदवार गेवराईत येऊन पक्षाच्या चिन्हावर मते मागतो, त्याने त्याच पक्षाच्या दिल्लीतल्या मताची जबाबदारी झटकावी हे कोणत्या न्यायात बसते? चिन्ह मते मिळवताना आपले आणि हिशेब देताना पक्षाचे, असे चालायचे नाही.

शिवाय सभागृहातल्या कामापैकी दहावे परिशिष्ट मतदानाबद्दलच बोलते, बाकी कामाबद्दल नाही. प्रश्न विचारायला व्हिप लागत नाही. शून्य प्रहरात उभे राहायला, नियम ३७७ खाली विषय मांडायला, स्थायी समितीत अधिकाऱ्याला आकडे मागायला पक्षाने कोणाचा हात धरलेला नाही. १९९२ च्या किहोटो होलोहन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा उचलून धरला खरा, पण व्हिपचा वापर विश्वासदर्शक ठरावासारख्या सरकारच्या अस्तित्वाच्या प्रसंगांपुरता आणि पक्षाच्या मूळ धोरणापुरता असावा, अशी अपेक्षाही तिथेच नोंदवली. पक्ष तरीही ऊठसूट व्हिप काढतात. का काढू शकतात? मतदारसंघातून कोणी विचारत नाही म्हणून.

आणि मत जर खरोखर इतके कवडीमोलाचे असते, तर महाराष्ट्राने २०२२ पासून पक्षफुटीचे जे नाट्य पाहिले ते कशासाठी होते? ४ जुलै २०२२ रोजी विधानसभेत विश्वासमताच्या वेळी १६४ विरुद्ध ९९ अशी गणती झाली. व्हिप नेमका कोणाचा, विधिमंडळ पक्षाचा की मूळ राजकीय पक्षाचा, यावर पाच न्यायाधीशांच्या घटनापीठापुढे वाद झाला, आणि ११ मे २०२३ च्या निकालात त्यावर पानेच्या पाने खर्ची पडली. निरर्थक वस्तूसाठी कोणी घटनापीठापर्यंत जात नाही. मताची किंमत पक्षांना पक्की ठाऊक आहे. ती ठाऊक नसावी, अशी सोय फक्त मतदाराची केलेली आहे.

दुसऱ्या आधाराकडे वळतो. इथे समोरच्यांचे म्हणणे सर्वांत भक्कम आहे, आणि त्याला पुरावा गेवराईच्याच दारातला देता येतो. दसरा-दिवाळी झाली की या तालुक्यातल्या टोळ्या मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. राज्याची सीमा ओलांडणाऱ्या मजुरांसाठी १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा होता. तो २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संहितेत विलीन झाला. ही संहिता लोकसभेत २२ सप्टेंबर २०२० रोजी आवाजी मतदानाने मंजूर झाली, दुसऱ्या दिवशी राज्यसभेत विरोधकांच्या बहिष्कारात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती लागूही झाली. कोयता घेऊन सीमा ओलांडणाऱ्या माणसाच्या हक्कांचा कायदा बदलला, आणि त्यावर कोणाचे मत काय, याची नावनिशीवार नोंद नाही.

हे मान्य करून मी विचारतो : यात दोष नोंद ठेवणाऱ्याचा, की नोंद होऊ न देणाऱ्याचा? लोकसभेच्या नियम ३६७ प्रमाणे आवाजी कौलाला सदस्य आव्हान देऊ शकतो. मग घंटा वाजते, दारे बंद होतात, हिरवे, लाल किंवा पिवळे बटण दाबले जाते आणि नाव कागदावर येते. अध्यक्षांना ही मागणी अनावश्यक वाटली तर ते सदस्यांना जागेवर उभे करून मोजू शकतात. तेवढी पळवाट आहे. राज्यसभेत २० सप्टेंबर २०२० रोजी शेती विधेयकांवर मतविभाजनाची मागणी झाली, ती मानली गेली नाही, आणि देशभर गदारोळ झाला तो याच कारणाने. पण मागणीच झाली नाही तर? बहिष्कार घालून सभागृहाबाहेर बसलेला विरोधकही सत्ताधाऱ्याला ही नोंद पुसायला मदतच करतो. अमेरिकेच्या राज्यघटनेत उपस्थितांपैकी एक-पंचमांश सदस्यांनी मागितले की नावनिशीवार मत नोंदवावेच लागते. ब्रिटनच्या कॉमन्स सभागृहात १८३६ पासून मतविभाजनाच्या याद्या अधिकृतपणे छापल्या जातात. आपल्याकडे आवाज किती मोठा होता यावर कायदा होतो. आवाजी मतदान हे नोंद न ठेवण्याचे कारण कसे ठरेल? तो तर खासदाराला विचारायचा पहिला प्रश्न आहे : आपण मतविभाजन मागितले का?

जिथे नोंद असते तिथे ती किती बोलते, हे मराठा आरक्षणाच्या इतिहासाइतके दुसरे काही सांगत नाही. गोदावरी ओलांडली की अंबड तालुक्यातले अंतरवाली सराटी फार लांब नाही. २०२३ नंतर गेवराईतले एकही घर या प्रश्नापासून अलिप्त राहिले नसेल. सगळे लक्ष मुंबईकडे होते, मंत्रालयाकडे होते. धाग्याचे एक टोक मात्र दिल्लीत होते.

राष्ट्रीय मागासवर्ग आयोगाला घटनात्मक दर्जा देणारे विधेयक ३१ जुलै २०१७ रोजी राज्यसभेत आले. सत्ताधारी बाकांवरची पुष्कळ मंडळी त्या दिवशी गैरहजर होती. विरोधकांच्या दुरुस्त्या मंजूर झाल्या, विधेयकाचे रूप बदलले आणि ते पुन्हा लोकसभेत न्यावे लागले. काही सदस्य जागेवर नव्हते, म्हणून एक घटनादुरुस्ती वर्षभर लांबली. हजेरीला काय अर्थ असतो, असे विचारणाऱ्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी. पुढे ऑगस्ट २०१८ मध्ये दोन्ही सभागृहांत ती मंजूर झाली. विरोधात एकही मत पडले नाही. मागास वर्ग ठरवण्याचे राज्यांचे अधिकार तसेच राहतील, असे आश्वासन सरकारकडून दिले गेले होते. राज्यसभेच्या प्रवर समितीचा अहवालही तेच म्हणत होता. ही १०२वी घटनादुरुस्ती अमलात आल्यानंतर, २९ नोव्हेंबर २०१८ रोजी, महाराष्ट्र विधिमंडळाने मराठा आरक्षणाचा कायदा एकमताने केला.

५ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. पन्नास टक्क्यांची मर्यादा हे त्यातले मोठे कारण होते, ते लपवण्याचा माझा हेतू नाही. पण दुसरा मुद्दा १०२व्या दुरुस्तीचा होता. मागास वर्ग ठरवण्याचा राज्यांचा अधिकार या दुरुस्तीने गेला, असे तीन विरुद्ध दोन न्यायाधीशांनी ठरवले. आणि हे ठरवताना त्यांच्यापुढे काय होते? प्रवर समितीचा अहवाल होता, संसदेतली चर्चा होती. सभागृहातले बोलणे हवेत विरते म्हणणाऱ्यांनी हा निकाल उघडून पाहावा. खासदार काय बोलले आणि काय बोलायचे राहिले, हे तीन वर्षांनी पाच न्यायाधीश ओळीन् ओळ वाचत होते. चूक दुरुस्त करायला १०५वी घटनादुरुस्ती आणावी लागली. १० ऑगस्ट २०२१ रोजी लोकसभेत ती ३८५ विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाली.

आता मला सांगा, २०१८ मध्ये एकमताने होकार आणि २०२१ मध्ये एकमतानेच त्याची दुरुस्ती. या दोन मतांच्या मध्ये मराठवाड्यातल्या पोरांची तीन वर्षे गेली. घटनादुरुस्तीला विशेष बहुमत लागते, त्यामुळे तिथे मतविभाजन होतेच आणि नावे असतातच. त्या नावांत बीडचे नाव कोठे आहे, त्या चर्चेत बीडमधून कोणी राज्यांच्या अधिकाराबद्दल शंका काढली का, हे सरकारी संकेतस्थळावर कोणालाही वाचता येते. आंदोलनाला लाखो माणसे जमली. हे कागद किती जणांनी उघडले?

आता तिसरा आधार, दारातल्या कामाचा. हा मला मनापासून समजतो. ज्याच्या घरात दुखणे आहे त्याला राज्यघटनेचे कलम वाचून दाखवणे हा क्रूरपणा आहे. तरी जरा आकडे मांडू. खासदार निधी वर्षाला ५ कोटी रुपये. बीड लोकसभा मतदारसंघ म्हणजे अख्खा जिल्हा, गेवराईसह सहा विधानसभा मतदारसंघ. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या २५ लाख ८५ हजार. वर्षाला माणशी वीस रुपयेही येत नाहीत. सभामंडप, पेव्हर ब्लॉक, हायमास्ट दिवे यांची चर्चा आपण या वीस रुपयांवर करतो. याच खासदाराच्या हातात २०२५-२६ च्या ५० लाख ६५ हजार कोटींच्या केंद्रीय अर्थसंकल्पावर एक मत होते. मार्च २०२३ मध्ये लोकसभेने सगळ्या खात्यांच्या मागण्या चर्चेविना मंजूर केल्या, तेव्हा गेवराईत त्याची कुजबूजही झाली नाही. वीस रुपयांचा जाब विचारायचा आणि पन्नास लाख कोटींचा सोडून द्यायचा, याला व्यवहारज्ञान म्हणायचे का?

डीपी महावितरण बदलते, पाहिजे तर आमदार फोन करतो. चिठ्ठी जिल्हा परिषद सदस्यही देतो. लोकसभेत बीडच्या नावाने उभे राहण्याचा अधिकार मात्र एका वेळी एकाच माणसाला असतो. ज्या कामाला दुसरा माणूसच नाही, ते सोडून त्याने दहा जण करू शकतील ते काम करावे, अशी अपेक्षा आपण ठेवतो आणि वर त्यालाच लोकसेवा म्हणतो.

एका प्रश्नाने काय होते, हे विचारणाऱ्यांना जून २०१९ ची आठवण द्यावी लागेल. ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या जातात, ही गोष्ट बीड जिल्ह्यात गावोगाव माहीत होती. विधान परिषदेत प्रश्न आला आणि तत्कालीन आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांना उत्तर द्यावे लागले : तीन वर्षांत जिल्ह्यात ४,६०५ शस्त्रक्रिया. कुजबुजीचा सरकारी आकडा झाला. समिती बसली, हजारो बायकांची पाहणी झाली, खासगी रुग्णालयांवर नियम आले. प्रश्न विचारणाऱ्या सदस्या होत्या डॉ. नीलम गोऱ्हे. त्या बीडच्या नव्हत्या. या वाक्यावर वाचकांनी जरा थांबावे. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांच्या हत्येवर नागपूर अधिवेशनात आमदार उभे राहिले, तेव्हा विशेष तपास पथक, न्यायालयीन चौकशी आणि पोलीस अधीक्षकांची बदली या घोषणा मुख्यमंत्र्यांना सभागृहातच कराव्या लागल्या. पोलीस ठाण्यातल्या एका शब्दाची किंमत सभागृहातल्या शब्दाने ठरते, ती अशी.

इथे मला एका मित्रपक्षालाही दुखवावे लागेल. नोंद ठेवली पाहिजे म्हणणाऱ्यांतला एक मोठा गट टक्केवारीचा भक्त आहे. हजेरी इतके टक्के, प्रश्न इतके, चर्चा इतक्या, म्हणून अमुक खासदार उत्कृष्ट. हा हिशेब दिसतो तेवढा सरळ नाही. हजेरी म्हणजे वर्षानुवर्षे नोंदवहीत सही होती, आणि सही करून निघून जाता येत असे. मंत्री हजेरी नोंदवत नाहीत, प्रश्नही विचारत नाहीत, म्हणून ते निष्क्रिय ठरत नाहीत. तारांकित प्रश्नांचा क्रम सोडतीने लागतो, तिथे नशिबाचाही भाग असतो. डिसेंबर २०२३ मध्ये दोन्ही सभागृहांतून १४६ सदस्य निलंबित झाले. त्यांची घटलेली हजेरी आळसाची म्हणायची का? आणि २००५ मध्ये पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल अकरा खासदारांची हकालपट्टी झाली, त्यात महाराष्ट्रातलेही होते. प्रश्नांची संख्या त्यांचीही होतीच. प्रश्न किती, याआधी प्रश्न कोणासाठी आणि उत्तरानंतर पुढे काय केले, हे पाहायला हवे. दिवंगत गोपीनाथ मुंडे यांनी मे २०१० मध्ये लोकसभेत इतर मागासवर्गीयांच्या जनगणनेची मागणी तळमळीने मांडली. टक्केवारीच्या तक्त्यात ते एक भाषण, एक आकडा. एप्रिल २०२५ मध्ये केंद्राने जातनिहाय गणनेचा निर्णय घेतला तेव्हा पंधरा वर्षांपूर्वीचे तेच भाषण लोकांनी शोधून काढले. बॅ. नाथ पै यांचे १९६७ चे खासगी विधेयक मंजूर झाले नाही, तक्त्यात ते अपयश म्हणून बसेल. पण संसदेच्या घटनादुरुस्तीच्या अधिकाराबद्दल त्यात जे म्हटले होते, तेच १९७१ च्या २४व्या दुरुस्तीत आले.

अधिक विद्वान विरोधक एडमंड बर्कला साक्षीला बोलावतात. १७७४ मध्ये त्याने ब्रिस्टलच्या मतदारांना बजावले होते, की प्रतिनिधी हा तुमचा निरोप्या नाही, त्याने स्वतःच्या विवेकाने वागावे. मला हे मान्य आहे. पण बर्कने आपला विवेक लपवला नाही. आपण कोणत्या प्रश्नावर काय केले आणि का, हे त्याने ब्रिस्टलला तोंडावर सांगितले. ब्रिस्टलचे मत फिरले आणि १७८० मध्ये त्याला तिथून माघार घ्यावी लागली. बर्कचे स्वातंत्र्य हवे असेल तर बर्कचा उघडेपणाही घ्या.

बीडच्या मतदाराला दारात येणाराच माणूस लागतो, हेही इतिहासाला धरून नाही. १९६७ मध्ये याच मतदारसंघाने क्रांतिसिंह नाना पाटलांना लोकसभेत पाठवले. वाळव्याकडचा माणूस, पक्ष कम्युनिस्ट. येथल्या लग्नामयतीत हजेरी लावून त्यांनी मते मिळवली, असे कोणी म्हणणार नाही. हा माणूस दिल्लीत कोणाच्या बाजूने उभा राहील, एवढे लोकांना ठाऊक होते आणि तेवढे पुरले.

आता अशी नोंद ठेवणे किती सोपे आहे, हे दाखवणारी कापसाची एक गोष्ट. १८ ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क सप्टेंबरअखेरपर्यंत माफ झाले. संसदेचे पावसाळी अधिवेशन २१ ऑगस्टला संपले. २८ ऑगस्टला, सभागृह नसताना, माफी ३१ डिसेंबरपर्यंत वाढली, म्हणजे गेवराईच्या वेचणीचा जवळपास सगळा हंगाम तीत आला. अशी अधिसूचना सीमाशुल्क कायद्याच्या कलम १५९ प्रमाणे संसदेपुढे ठेवावी लागते आणि सभागृह ती बदलू शकते. हिवाळी अधिवेशन १ डिसेंबरला सुरू झाले, १९ डिसेंबरला संपले. प्रश्नाची सूचना साधारण पंधरा दिवस आधी द्यावी लागते, म्हणजे वेळ होता. त्या अधिवेशनात आपल्या खासदाराने यावर काय विचारले, हे शोधायला दिल्लीला जावे लागत नाही. गेवराईच्या अट्टल महाविद्यालयातला राज्यशास्त्राचा कोणताही विद्यार्थी मोबाइलवर एका दुपारी काढून देईल.

यावर कार्यकर्त्यांची एक शेवटची हरकत राहते : अशी यादी झाली तर निवडणुकीत विरोधक ती वापरतील. वापरू देत की. यादी त्यासाठीच असते. ऑक्टोबर २०१४ च्या पोटनिवडणुकीत बीडचा निकाल जवळपास सात लाख मतांनी लागला होता, २०२४ मध्ये ६,५५३ मतांनी. एवढ्या थोड्या मतांवर उभ्या असलेल्या खासदाराला, तो कोणत्याही पक्षाचा असो, गेवराईतून एक पत्र गेले, की कापसाच्या आयात शुल्कावर आपण हिवाळी अधिवेशनात कोणत्या तारखेला काय विचारले आणि उत्तर काय आले ते कळवावे, तर त्या पत्राला उत्तर न देणे त्याला परवडेल का?